मिझुकींची भुतं फक्त मुलांसाठी नव्हेत
'शिगेरू मिझुकी म्हणजे मुलांसाठी भुतंखेतं काढणारा माणूस' असं या जपानी चित्रकथाकाराबद्दल म्हटलं जातं. हे मत मला अजिबात पटत नाही.

मिझुकींचं बालपण साकाइमिनातो या बंदराच्या गावी गेलं. तिथल्या नोन्नोन्बा नावाच्या म्हाताऱ्या बाईने त्यांना योकाईंच्या, म्हणजे जपानी लोककथांतल्या भुताखेतांच्या, गोष्टी सांगितल्या आणि तो नाद त्यांना जन्मभर पुरला. दुसऱ्या महायुद्धात ते आजच्या पापुआ न्यू गिनीतल्या रबाउलला जपानी सैनिक होते. तिथल्या बॉम्बहल्ल्यात डावा हात गेला. पुढची सगळी चित्रं एका हाताने काढलेली आहेत, हे लक्षात ठेवून ती पाहावीत. पात्रं चार रेघांची, गंमतीशीर. मागचं रान मात्र पानापानासकट, ठिपका ठिपका देऊन उभं केलेलं. त्यांचा नुरिकाबे बघा: रात्री वाट अडवणारी अदृश्य भिंत, साधारण आपल्या चकव्याच्या जातकुळीतली. तिला डोळे आणि पाय त्यांनी दिले. जंगलात जीव घेऊन पळताना आपल्याला ती आडवी आली होती, असं ते सांगत.

युद्धावरून परतल्यावर आधी कामिशिबाईची (चित्रं दाखवत रस्त्यावर गोष्ट सांगण्याच्या खेळाची) चित्रं, मग भाड्याने मिळणाऱ्या पुस्तकांसाठी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. बरीच वर्षं गरिबीत गेली. 'कितारो' या भुतांच्या मालिकेने नाव दिलं. पण १९७३ साली त्यांनी रबाउलच्या अनुभवांवर जे पुस्तक काढलं, त्यात सैनिकांना मरायलाच पाठवणाऱ्या अधिकाऱ्यांवरचा संताप उघड आहे. मला ते त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं. रबाउलच्या ज्या स्थानिक तोलाई लोकांनी त्यांना जीव लावला, त्यांना भेटायला ते पुढे पुन्हा गेलेही. आधी त्या म्हाताऱ्या बाईवरचं 'नोन्नोन्बा' हे पुस्तक वाचा. २००७ साली फ्रान्समधल्या आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवात सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा मान त्यालाच मिळाला होता.