बरा न होणाऱ्या माशाला आपण मरण द्यावं का?

पाणवठा:
माझं मत आधीच सांगते. घरातला मासा उपचारापलीकडे गेला असेल आणि त्याचे हाल समोर दिसत असतील, तर त्याला शांतपणे मरण देणं हे पाळणाऱ्याचं काम आहे. ते त्याने स्वतः करावं, दुसऱ्यावर ढकलू नये.

विषय निघाला तो मावसबहिणीकडच्या ओरांडा गोल्डफिशमुळे. पोट टम्म फुगलेलं, डोळे बाहेर आलेले, आणि वरून पाहिलं तर एकेक खवला अननसाच्या सालीसारखा उभा. दिवसभर स्पंज फिल्टरच्या मागे तळाशी बसून असायचा. दाणा टाकला की तोंडात घ्यायचा आणि लगेच थुंकायचा. जिथून मासा आणला त्या दुकानात विचारलं, तर उत्तर आलं, "फ्लश करून टाका आणि नवीन घेऊन जा." शेजारचे काका म्हणाले, "नदीत सोड, जगला तर जगेल." हे दोन्ही सल्ले ऐकून माझा संताप झाला.

ज्याला हौशी मंडळी ड्रॉप्सी म्हणतात, तो मुळात आजार नाही, लक्षण आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, म्हणून पाणी सतत आत शिरत राहतं आणि मूत्रपिंडं ते सतत बाहेर टाकतात. मूत्रपिंडं थकली की पाणी अंगातच साठतं. खवले उभे राहीपर्यंत बहुतेक वेळा फार उशीर झालेला असतो.

आम्ही त्याला वेगळ्या टबात घेतलं, साधारण वीस लिटरला चहाचा एक चमचा या हिशेबाने एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट, खायचं मीठ नव्हे) घातलं, रोज थोडं थोडं पाणी बदललं. उतार पडला नाही. शेवटी तो आडवा पडून फक्त कल्ले हलवायला लागला, तेव्हा लवंग तेल वापरलं. केमिस्टकडे दातदुखीसाठी मिळतं तेच. त्यातलं युजेनॉल माशाला भूल देतं. तेल थंड पाण्यात मिसळत नाही, म्हणून छोट्या बाटलीत कोमट पाणी घेऊन दुधासारखं पांढरं होईपर्यंत हलवायचं. आधी लिटरला एखाद्या थेंबाइतकंच, तेही हळूहळू. मासा पूर्ण गुंगीत गेला की मग लिटरला दहा थेंबांच्या आसपास. कल्ले थांबल्यावरही निदान अर्धा तास त्याच पाण्यात ठेवायचं, कारण कल्ले थांबले म्हणजे जीव गेला असं नसतं. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत युजेनॉलची पद्धत मान्य आहे, फ्लश करणं मान्य नाही.

तुमचं काय म्हणणं आहे?

भुलेश्वरकर:
पाणवठाताई, तुमची कळकळ पोचली, पण मला हे पटत नाही. जीव आपण दिलेला नाही, तो काढायचा अधिकार आपल्याकडे कुठून आला? आमच्या मुंबईतल्या भुलेश्वर भागात 1834 पासून पांजरापोळ आहे. म्हातारी, लंगडी, आजारी जनावरं तिथे मरेपर्यंत सांभाळायची, हीच त्यामागची भावना. उपयोग संपला, बरं होत नाही, म्हणून संपवून टाका, हा विचार तिथे बसत नाही. गायीला एक न्याय आणि माशाला दुसरा, असं का? टबात ठेवा, अंधार करा, पाणी स्वच्छ ठेवा, जवळ बसा. मरण त्याच्या वेळेला येईल.

निनाद_ठाणे:
दोघांचंही म्हणणं मला भावनिक वाटतं. माशाला मेंदूचा तो बाह्य थरच नाही जिथे आपल्याला दुःखाची जाणीव होते. ब्रायन की या ऑस्ट्रेलियन मेंदूशास्त्रज्ञाने 2016 मध्ये हेच सविस्तर मांडलं आहे. मासा तडफडतो ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. हाल होतात हे आपण त्याच्यावर लादतो.

पाणवठा:
निनाद, त्याच लेखावर इतर शास्त्रज्ञांचे ढिगाने आक्षेप आले, तेही वाचा. लिन स्नेडन यांनी 2003 मध्ये रेनबो ट्राउटच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसेटिक ॲसिड टोचून पाहिलं. मासे तळाशी बसून डोलायला लागले, खडीवर ओठ घासायला लागले, कित्येक तास अन्नाला तोंड लावलं नाही. मॉर्फिन दिल्यावर ते घासणं कमी झालं. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती तर अन्न सोडायचं कारण काय? वाद अजून मिटलेला नाही हे मान्य. पण मिटला नसेल तर संशयाचा फायदा माशाला मिळायला हवा. आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, अशीच व्याख्या आहे. मासा त्यातून वगळलेला नाही.

शिरगावकर:
मी रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो, आता शोभेच्या माशांचंच काम करतो. माझा विरोध वेगळ्या जागी आहे. मरण द्यावं की नाही हा प्रश्न फार पुढचा. आधी मासा खरंच उपचारापलीकडे गेलाय का, हे कोण ठरवतं? दहातले बहुतेक लोक ते डोळ्यांनी ठरवतात आणि तिथेच चुकतात.

पोट फुगलंय पण खवले सपाट आहेत? मग बद्धकोष्ठ असेल किंवा मादीच्या पोटात अंडी असतील. मासा उलटा तरंगतोय? वाताशयाचा, म्हणजे तरंगायला मदत करणाऱ्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा त्रास असेल. दोनतीन दिवस खाणं बंद ठेवा, मग उकडून साल काढलेल्या मटाराचा तुकडा द्या. अंगभर पांढरे ठिपके? तो परजीवी आहे आणि बरा होतो. फक्त औषध लागू पडतं ते परजीवी अंगावरून सुटून पाण्यात पोहत असताना, त्यामुळे ठिपके गेले तरी उपचार चालू ठेवावे लागतात. लोक दोन दिवस औषध टाकतात, फरक दिसत नाही म्हणतात आणि माशावर पाणी सोडतात.

आणि सगळ्यात आधी पाणी. मासा अमोनिया कल्ल्यांतून टाकतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नवी टाकी आणली, त्याच संध्याकाळी चार मासे सोडले, आठवड्याने पाणी गढूळ झालं म्हणून फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुतला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने उरलेसुरले जिवाणूही मेले. आता मासा वर येऊन धापा टाकतो, कल्ले लाल होतात, आणि घरातले म्हणतात, याला काहीतरी भयंकर झालंय. अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट शून्य आहे का ते किटने तपासा. ते न तपासता लवंग तेलाची बाटली उघडणं मला चूक वाटतं. ओरांडाचं पाणी तपासलं होतं का, ताई?

एका ठिकाणी मात्र मी तुमच्या बाजूने आहे. मासा खात असूनही खंगत जातो, पाठ वाकते, अंगावर जखमा होतात, टाकीत एकामागून एक तसेच पडतात, तेव्हा मायकोबॅक्टेरियम या जिवाणूचा संशय घ्यायचा. त्याला भरवशाचा इलाज नाही. त्यातली मरिनम ही जात हातावरच्या जखमेतून माणसालाही लागते, गाठी येतात, महिनोन्महिने औषध घ्यावं लागतं. तिथे वाट बघणं बाकीच्या माशांवर अन्याय आहे. आणि अशा टाकीत उघडा हात कधीच घालू नका.

पाणवठा:
हो, तपासलं होतं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. तुमचा क्रम मला पूर्ण मान्य आहे: आधी पाणी, मग निदान, मग उपचार. पण त्या क्रमाच्या शेवटी एक पायरी उरतेच, आणि लोक गडबडतात ती तिथेच.

भुलेश्वरकर, तुमच्यासाठी एक आठवण. 1928 मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य आजाराने तळमळत होतं. मोठं होतं, उचलून कूस बदलणंही शक्य नव्हतं. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा गांधीजींनी सहकाऱ्यांशी बोलून त्याला इंजेक्शन देऊन मरण दिलं. स्वतः तिथे हजर राहिले. आपल्या नवजीवन साप्ताहिकात त्यावर लिहिलं, तर रागाच्या पत्रांचा पाऊस पडला. तरी हटले नाहीत. वेदना थांबवायचा दुसरा काही मार्ग नसेल तर ही हिंसा नाही, अहिंसाच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. अहिंसेवर ज्याने आयुष्य उभं केलं, त्याने हे केलं.

भुलेश्वरकर:
तो प्रसंग मला माहीत आहे, ताई. त्या वेळी विरोध करणाऱ्यांत आमच्याच विचाराची माणसं होती आणि आजही मी त्यांच्याच बाजूला उभा राहीन. शिवाय तिथे डॉक्टरने पाहिलं होतं, चारचौघांत चर्चा झाली होती. तुमच्या स्वयंपाकघरात तपासणारा, ठरवणारा आणि मारणारा एकच माणूस. टाकी लहान पडते, मुलं कंटाळली, गावाला जायचंय, अशी कारणं हालांच्या नावाखाली आत शिरणार नाहीत, याची हमी कोण देणार?

सई_लीड्स:
हा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटला. इथे इंग्लंडमध्ये माशांसाठीही अँटिबायोटिक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. त्यामुळे मासा आजारी पडला की निदान कोणाला तरी विचारावं लागतं. तिकडे टाकीत टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकायची सर्रास पद्धत. त्याने फिल्टरचे जिवाणूही मरू शकतात, मग अमोनिया वाढतो आणि मासा औषधानेच जातो. मरण देण्याच्या बाजूने मी आहे, पण एकट्याच्या निर्णयाने नाही. निदान एका जाणत्या माणसाने मासा पाहिलेला असावा.

मीनाक्षी_नाशिक:
आमच्याकडे फ्लॉवरहॉर्न मासा गेला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं. त्यांची श्रद्धा आहे, मी काही बोलले नाही. पण त्याच श्रद्धेपायी मासा आजारी असताना कोणी त्याच्या पाण्याकडे बघतच नाही, कारण त्याचं मरणं शुभ मानलं जातं. हे मला फार टोचतं.

निनाद_ठाणे:
वेदनेबद्दल माझं मत तेच आहे. पण नदीत सोडण्याच्या सल्ल्यावर पाणवठा यांना शंभर टक्के पाठिंबा. चिलापीने, म्हणजे बाहेरून आलेल्या तिलापिया माशाने उजनीत काय केलं ते भीमेकाठच्या मच्छीमारांना विचारा. आता काचा साफ करणारा तो सकर मासाही जाळ्यात येतो. जाळी फाटतात आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. हौस म्हणून आणलेला मासा नको झाला की ओढ्यात, असं करत करतच हे होतं. आजारी मासा सोडणं तर त्याहून वाईट, रोगही पाण्यात जातो.

पाणवठा:
आणखी एक, फ्रीजरबद्दल. बरेच जण गोल्डफिशला पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवतात आणि त्याला झोप लागते असं मुलांना सांगतात. गोल्डफिश थंडीचा मासा आहे. बर्फ धरलेल्या तळ्याखाली हिवाळा काढतो, ऑक्सिजन संपला तर अंगात अल्कोहोल तयार करून तग धरतो. त्याला गोठवणं म्हणजे मरण लांबवणं. कृपया करू नका.

सईचं म्हणणं मी मान्य करते, जाणत्याला दाखवावं. माझ्या बहिणीने तसं दाखवलं नव्हतं, आम्ही दोघींनीच ठरवलं. तरी आज तीच वेळ आली आणि दाखवायला कोणी मिळालं नाही, तर मी थांबणार नाही. जिल्ह्याच्या गावांत कुत्र्यामांजराचा डॉक्टर मिळतो, माशाचा मिळत नाही. डॉक्टर नाही म्हणून मासा आठवडाभर आडवा पडून राहावा, हे मला पटत नाही.

केतकी_सातारा:
मला आत्ताच मदत हवी आहे. रांचू गोल्डफिश, जवळपास महिना झाला उलटा तरंगतोय. मटार देऊन झालं, पाणी ठीक आहे. हाताने भरवलं तर खातो. पोटाचा जो भाग पाण्याबाहेर राहतो तो लाल झालाय. लवंग तेलाची वेळ आली का?

पाणवठा:
पोट लाल झालंय म्हणजे त्याला त्रास आहे, केतकी. महिना झाला. मी असते तर आठवड्याच्या आत निर्णय घेतला असता.

शिरगावकर:
केतकी, घाई नको. खातोय ही फार मोठी गोष्ट आहे. पाण्याची पातळी कमी करा, म्हणजे खाली यायला त्याला कमी जोर लागेल. तरंगणारा दाणा बंद करून बुडणारा द्या, तोही भिजवून. उघडं पडणारं पोट ओलं राहायला हवं, म्हणून पंपाला जोडलेल्या हवेच्या दगडाचे बुडबुडे त्याच्या बाजूला वळवा, आणि पाणी इतकं स्वच्छ ठेवा की लाल जागेत जंतू शिरणार नाहीत. उलटे राहून बराच काळ जगलेले गोल्डफिश मी पाहिले आहेत. ज्या दिवशी तो हातातलं खाणं नाकारेल किंवा खवले उभे राहतील, त्या दिवशी पाणवठाताईंचं म्हणणं मीही मान्य करीन. तोवर वरून आणि बाजूने असे दोन फोटो आणि टाकीचं माप इथे टाका.

भुलेश्वरकर:
त्या दिवशीही माझं उत्तर नाहीच असेल. पण शिरगावकरांनी सांगितलेलं सगळं करा, केतकीताई, आणि आज रात्रीच पाण्याची पातळी खाली घ्या.