इग्बोंना राजा हवाच कशाला?

लागोसरिटर्न: इग्बो या नायजेरियातल्या लोकांची म्हणच आहे, 'इग्बो एन्वे एझे', म्हणजे इग्बोंना राजा नसतो. आणि आता आग्नेय नायजेरियात जाल तिथे कुणीतरी 'एझे' नाहीतर 'इग्वे', म्हणजे राजाच, लाल टोपी घालून बसलेलाच. माझ्या मते हे इंग्रजांचं लफडं, त्यांना गावात हुकूम चालवायला एक माणूस पाहिजे होता, दिला वॉरंटचा कागद आणि केला चीफ. त्याआधी बहुतेक गावांत उमुन्ना म्हणजे भाऊबंद बसायचे, सगळे बोलून दमले की निर्णय.

पोहेवाला: सरसकट नको राव. ओनित्शा शहराचा ओबी, म्हणजे तिथला राजा, इंग्रजांच्या आधीपासून आहे, न्री गावचा एझे तर त्याहून जुना.

लागोसरिटर्न: न्रीच्या एझेकडे फौज होती का पण? पाप धुणं, जमिनीचा विटाळ काढणं, मान त्याचा. राज्य करणं वेगळं.

मावशी_नाशिक: बायकांचं कुणी बोलतच नाही! १९२९, ओलोको गाव. न्वानयेरुवा नावाची बाई पाम तेल काढत होती, वॉरंट चीफचा माणूस येऊन म्हणतो तुझ्या शेळ्यामेंढ्या मोज, माणसं मोज. म्हणजे आता कर बसणार! ही फटकन म्हणाली, तुझ्या आईला मोजलं होतं का? झालं, हजारो बायका उठल्या, चीफच्या दारात ठाण मांडून गाणी म्हणायच्या, चीफ लोकांच्या मानाच्या टोप्या काढून घेतल्या. गोळीबारात पन्नासच्या वर बायका गेल्या. आणि सत्तरच्या दशकात सरकारने परत गावोगाव राजे मान्य करायला घेतले, कमाल आहे.

पोहेवाला: मावशी, वॉरंट चीफ वरून लादलेले होते. आताचा इग्वे बऱ्याच ठिकाणी गावच निवडतं, सरकार फक्त सर्टिफिकेट देतं.

लागोसरिटर्न: 'फक्त' म्हणे. २०२० मध्ये तिथल्या अनंब्रा राज्याच्या गव्हर्नरने १२ राजे वर्षभरासाठी सस्पेंड केले, का तर न विचारता राजधानी अबुजाला गेले. रजेचा अर्ज टाकायला लागतो तो राजा कसला, क्लार्क झाला ना.

पोहेवाला: क्लार्क तर क्लार्क. बांधावरून दोन भाऊ भांडले की वकील परवडत नाही, इग्वेचं अंगण परवडतं. तिथे आधी कोला नट, पाहुण्यांना देतात ते कडू बी, फोडतात, प्रार्थना इग्बोतच, कारण म्हणतात कोलाला इंग्रजी कळत नाही.

मावशी_नाशिक: सर्टिफिकेट मात्र इंग्रजीत 😄