शेजारच्या व्हिएतनामी हॉटेलात जाऊन "आमच्यासाठी वेगळं बनवा" म्हणणं योग्य आहे का?

टलीरोडकर

मंडळी, एका गोष्टीवर तुमचं मत हवंय, चार दिवस झाले डोक्यातून जात नाहीये. मी सॅन होजेमध्ये टली रोडच्या बाजूला राहतो, अकरा वर्षं झाली. घरापासून चालत सात मिनिटांवर एक व्हिएतनामी हॉटेल आहे, नाव देत नाही कारण त्यांना त्रास व्हायला नको. बारा टेबलं, नवराबायको चालवतात, तो आत पातेल्यापाशी आणि ती गल्ल्यावर, गर्दी असली की कॉलेजातली एक मुलगी वाढायला येते. दारातून आत शिरलं की उजव्या हाताला जमिनीवरच लाल रंगाचं छोटं देवघर, त्यात पोट सुटलेला हसरा देव, समोर संत्री, उदबत्ती आणि रोज सकाळी एक कप काळी कॉफी. आपल्याकडे दुकान उघडल्या उघडल्या तसबिरीला हार घालतात ना, तसंच.

तर शनिवारी ऑफिसातल्या नि ओळखीतल्या मराठी मंडळींना हौसेने तिथे घेऊन गेलो, नऊ जण होतो. एकाला सूपमध्ये फिश सॉस नको, एकाला सूप तिखट करून हवं, एकीला मुलासाठी नुसत्या शेवया पण त्यात आलं, कांदा, काहीच नको, एकजण म्हणाला बान मीतलं, म्हणजे त्यांच्या भरलेल्या पावातलं, मांस काढा आणि बटाटा भरून द्या. त्या बाईंनी तीन वेळा "नाही होणार" म्हटलं, चौथ्या वेळी काही न बोलता वळून निघून गेल्या. मग बिल सहा कार्डांवर वाटून द्या, आणि भिंतीवर पाटी आहे की वीस डॉलरच्या आत कार्ड चालणार नाही. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्याच कोणीतरी एक स्टारचा रिव्ह्यू टाकला, शाकाहारी काही मिळत नाही, बोलायची पद्धत नाही, जेवताना कोणी साधं विचारायलाही आलं नाही.

माझं स्पष्ट मत आहे की हे चुकीचं केलं. फोचं, म्हणजे तांदळाच्या शेवयांच्या त्या वाडग्याचं, सूप कसं होतं ते मी त्या माणसाकडून बघितलंय. हाडं आधी एकदा उकळून ते पाणी फेकून देतात, हाडं धुतात, मग नव्या पाण्यात टाकून रात्रभर मंद आचेवर. आलं आणि कांदा थेट जाळावर काळे होईपर्यंत भाजायचे, वरचं जळकं खरवडायचं, आणि चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलचीसारखी एक मोठी वेलची हे भाजून पुरचुंडी बांधून सोडायचं. वरचा फेस काढत राहायचं, नाहीतर सूप गढूळ होतं. सकाळी दुकान उघडतं तेव्हा ते एकच पातेलं तयार असतं, फिश सॉस त्यातच असतो, तो माझ्या वाडग्यातून वेगळा कसा काढणार? आपण मिसळवाल्याला कांदा-खोबऱ्याशिवाय कट कर म्हणतो का? जिथे जाऊ तिथलं खावं, नाहीतर जाऊ नये.

पैसेवसूल

भाऊ, मुद्दा पटला नाही. आम्ही फुकट खात नाही. फो सोळा डॉलर, त्यावर टॅक्स, त्यावर टिप, माणशी वीसच्या वर जातात. एवढे पैसे देणाऱ्याने विचारलं तर बिघडलं काय? नाही जमणार असं हसून सांगा, विषय संपला. पण पाठ फिरवून निघून जाणं हा गिऱ्हाइकाचा अपमान आहे आणि तो रिव्ह्यूत लिहायचा हक्क प्रत्येकाला आहे. हीच गोष्ट एखाद्या उडपी हॉटेलात झाली असती तर तुम्हीच इथे येऊन चार परिच्छेद लिहिले असते. आणि ते रोखीचं काय हो, आज भाजीवालासुद्धा क्यूआर कोड लावून बसतो.

चिपळूणची_मी

सोळा डॉलर महाग वाटतात त्यांनी जरा गणित करून बघा. कॅलिफोर्नियात वाढप्याला टिप मिळते म्हणून पगार कमी देता येत नाही, किमान वेतन पूर्ण द्यावं लागतं, आणि सॅन होजेचं २०२५ चं किमान वेतन तासाला १७.९५ डॉलर होतं. म्हणूनच नवराबायको स्वतः राबतात आणि तिसरं माणूस फक्त गर्दीला येतं. तुम्हाला विचारायला कोणी आलं नाही कारण यायला माणूसच नाहीये. जपानी रामेनला वीस डॉलर आपण एक शब्द न बोलता देतो, मग फोवाल्याकडेच घासाघीस का?

आणि तिथली पद्धत पण समजून घ्या ना. चहा फुकट असतो, चॉपस्टिक आणि चमचे टेबलावरच्या डब्यात असतात, आपले आपण घ्यायचे, जेवण झालं की उठून गल्ल्यावर जाऊन पैसे द्यायचे. दर पाच मिनिटांनी कोणीतरी येऊन "सगळं ठीक ना" विचारणं त्यांच्याकडे नाही आणि खरं सांगू का, मला तेच बरं वाटतं, घास तोंडात असताना उत्तर द्यावं लागत नाही.

मी मासे खाणारी, मला तिथे माहेरचं वाटतं. कम ताम म्हणून एक ताट असतं, तुकडा तांदळाचा भात, म्हणजे आपल्या कण्याच! गिरणीत तुटलेला तांदूळ स्वस्त, म्हणून गरिबांचं खाणं होतं, आता तेच लोक आवडीने मागून खातात. माझी आजी कण्या शिजवायची तसा मऊ पण मोकळा भात, वर भाजलेलं पोर्क आणि अंडं. आणि कान चुआ नावाचं आंबट सूप, त्यात चिंच, अननस, टोमॅटो, भेंडी, मासा, आणि ऐका, अळूच्या जातीचे देठ. पहिल्यांदा चमच्यात तो सच्छिद्र देठाचा तुकडा आला तेव्हा मी चमचा तसाच धरून बसले होते.

पैसेवसूल

चिपळूणच्या ताई, देठाचं कौतुक मान्य. पण त्यांचा खर्च, त्यांची मजुरी हे त्यांनी बघायचं, मी कशाला बघू? मी माझ्या ताटापुरतं बोलतोय.

सायगाव_ते_सांगली

ताटापुरतं बोलू. ते ताट तुमच्यापुढे आलं कसं हे पण थोडं बघा की. फो मूळचा उत्तरेचा, हनोई आणि नाम दिन्हकडचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. १९५४ ला देश तुटला तेव्हा लाखो लोक उत्तरेतून दक्षिणेत आले आणि फो सायगावात रुजला, तिथे त्याच्या शेजारी ते पाल्याचं ताट आलं, तुळस, करवती पानांची कोथिंबीर, मुगाचे लांब कोंब, लिंबू. हनोईकडे असं भरगच्च ताट देत नाहीत. मग ३० एप्रिल १९७५ ला सायगाव उत्तरेच्या हातात पडलं आणि माणसं मिळेल त्या बोटीने निघाली. आज सॅन होजेत लाखाच्या वर व्हिएतनामी वंशाचे लोक आहेत. टेबलावरची ती कोंबड्याच्या चित्राची तिखट सॉसची लाल बाटली आहे ना, ती काढणाराही असाच निर्वासित, १९८० ला लॉस एंजेलिसमध्ये सुरुवात केली आणि ज्या जहाजातून बाहेर पडला त्या जहाजाचंच नाव कंपनीला दिलं. माझा ऑफिसातला एक मित्र याच पिढीतला आहे, आई दिवसभर शिवणकाम करून वर रविवारी हॉटेलात भांडी घासायची. अशा घरातून आलेली बाई दुपारच्या गर्दीत गोड हसली नाही म्हणून एक स्टार? मला हे लागतं.

पैसेवसूल

इतिहासाबद्दल आदर आहे हो, पण इतिहास सांगून सर्व्हिस चांगली ठरत नाही. माझे वडील गावाकडून मुंबईत येऊन चाळीत राहून मोठे झाले, त्यांनी कुठल्या गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवली नाही.

देहूची_लेक

दोन दिवस वाचतेय आणि गप्प बसले होते. तो रिव्ह्यू माझा आहे.

आमच्या घरात तीन पिढ्या माळ आहे. माझ्या गळ्यात माळ नाही पण पाळते सगळं. त्या दिवशी मी काहीही वेगळं मागितलं नव्हतं. मेनूवर इंग्रजीत "भाज्या आणि टोफूचा फो" असं छापलेलं होतं, मी फक्त बोट ठेवून "व्हेज ना?" विचारलं आणि बाईंनी मान डोलावली. वाडगा आला, वर ब्रोकोली, गाजर, टोफू, शेजारच्या ताटात तुळस बघून तर मला किती बरं वाटलं होतं. अर्ध्याच्या वर संपवला. आणि मग टलीरोडकर, तुम्हीच समोरच्याला कौतुकाने सांगायला लागलात की इथलं सूप रात्रभर गाईबैलांच्या हाडांवर उकळतं आणि पातेलं एकच असतं.

मी चमचा खाली ठेवला आणि बाथरूममध्ये गेले. कोणाच्या लक्षातही आलं नाही. घरी येऊन रात्री आईचा फोन आला तर काय जेवलीस विचारल्यावर मी सरळ खोटं बोलले, जे मी कधी बोलत नाही. रिव्ह्यूत हे सगळं लिहिता आलं नाही म्हणून "शाकाहारी मिळत नाही" आणि बोलण्या-वागण्याबद्दल तेवढं लिहिलं. "जिथे जाऊ तिथलं खावं" हे वाक्य तुम्ही सहज लिहिलंत. मी तिथलं आहे म्हणूनच खाल्लं ना?

टलीरोडकर

ताई, काय बोलू कळत नाहीये. मला माहीत होतं तुम्ही शाकाहारी आहात, मला माहीत होतं सूप कशाचं आहे, आणि नऊ जणांची ऑर्डर सांभाळण्याच्या नादात ही दोन टोकं माझ्या डोक्यात जुळलीच नाहीत. चूक त्या बाईंच्या आधी माझी आहे, घेऊन मी गेलो होतो. मनापासून माफी मागतो. बटाटा भरून द्या म्हणणारा आणि तुम्ही यांना मी एकाच मापाने मोजलं हे तर फारच चुकलं.

सायगाव_ते_सांगली

देहूच्या ताई, वाचून वाईट वाटलं. एक गोष्ट सांगतो, आधी कोणी सांगितली असती तर हे झालं नसतं. व्हिएतनामीत दोन वेगळे शब्द आहेत. "राउ" म्हणजे नुसत्या भाज्या. "फो राउ" म्हणजे वर भाज्या घातलेला फो, सूप बहुतेक वेळा हाडांचंच. आणि "चाय" म्हणजे पूर्ण शाकाहारी, उच्चार हिंदीतल्या चायच्या अगदी जवळचा. "व्हेज ना" म्हटल्यावर बाईंना ऐकू आलं भाज्या आहेत ना, आणि भाज्या होत्याच. "चाय" म्हटलं असतंत तर त्यांनी लगेच हात हलवून नाही म्हटलं असतं, कारण हा त्यांच्याही धर्माचा शब्द आहे. त्यांच्यातले कितीतरी बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेला, चाय पाळतात, आपल्या एकादशीसारखं. कडक पाळणारे तर कांदा-लसूणही खात नाहीत, थेट आपला चातुर्मास. फिश सॉसच्या जागी सोयाचं पाणी वापरतात, सूपला मुळा, गाजर, मशरूम, कोबी यांची गोडी असते, कोवळ्या फणसाची भाजी करतात. सॅन होजेत नुसती चायचीच हॉटेलं आहेत, तिथे डोळे मिटून जेवा.

पैसेवसूल

बघा, हेच मी म्हणतोय. मेनू इंग्रजीत छापलाय ना? मग "गोमांसाचं सूप" हे दोन शब्द इंग्रजीत छापायला काय जातं? दरवेळी गिऱ्हाइकानेच दुसऱ्याची भाषा शिकून जायचं का? ताईंनी व्यवस्थित विचारलं होतं. मी असतो तर रिव्ह्यूत हाडांसकट सगळं लिहिलं असतं, पुढचा शाकाहारी माणूस तरी वाचेल.

चिपळूणची_मी

या एका बाबतीत पैसेवसूल यांच्या बाजूने. फिश सॉस काढा म्हणणं वेगळं आणि ताटात काय आहे ते कळणं वेगळं. मला कोणी सुरमई सांगून दुसरं काही वाढलं तर मी पण गप्प बसणार नाही. पण एक स्टारने त्या बाईंना कळलं का काय चुकलं ते? त्यांना वाटत असेल कार्डामुळे चिडले.

टलीरोडकर

आज सकाळी उघडायच्या वेळेला जाऊन आलो. गर्दी नव्हती, त्या तुळशीची पानं देठावरून खुडत बसल्या होत्या. सगळं सांगितलं, ताईंचं नाव न घेता. आधी त्यांना कळेना, मग मी "चाय" म्हटलं आणि त्यांचा हात थांबला. दोनदा विचारलं, "ती चाय होती?" मेनू भाच्याने छापून दिलाय म्हणाल्या, इंग्रजीत काय लिहिलंय ते त्यांनी कधी नीट वाचलंच नव्हतं. गल्ल्याखालून मार्कर काढला आणि माझ्यासमोर एकेका मेनूवर त्या ओळीपुढे "बीफ सूप" लिहून घेतलं, स्पेलिंग मला विचारून. बाकीच्यांच्या फर्माइशींबद्दल माझं मत तेच आहे, आणि पाठ फिरवली त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही काढलं नाही. निघताना म्हणाल्या की पौर्णिमेला त्या घरासाठी चायचं वेगळं पातेलं चढवतात, त्यातलं देईन, पण आदल्या दिवशी सांगा.

पैसेवसूल

मेनू दुरुस्त केला हे चांगलं झालं. तो रिव्ह्यू नसता तर झालं असतं का, एवढंच विचारतो.

देहूची_लेक

टलीरोडकर, तुम्ही गेलात याबद्दल आभार. रिव्ह्यू काढणार नाही, पण आज बदलून नीट लिहिते, सूप कशाचं आहे, काय म्हणून मागायचं आणि मेनूवर आता लिहिलंय ते सगळं. स्टार किती द्यायचे ते तिथे परत जेवल्यावर ठरवेन. पातेलं वेगळं म्हणजे डाव आणि चिमटे पण वेगळे का, एवढं विचारून सांगा, आणि पौर्णिमा कोणत्या वारी येते ते मी कॅलेंडरवर बघते. वीसच्या आत बिल झालं तर रोख घेऊन येईन.