आईचा डी-डायमर २१०० आलाय, भुलीमुळे होतं का? मदत हवी आहे

निळीशाई: आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, रक्त तपासलं त्यात डी-डायमर (रक्तात गुठळी आहे का याचा अंदाज देणारी टेस्ट) २१००, लाल अक्षरात, बाजूला ५०० च्या आत हवा असं छापलंय. गूगल केलं तर सगळीकडे फुफ्फुसात गुठळी, एम्बोलिझम हेच. सर्जन उद्या भेटणार. भुलीमुळे वाढतो का हा? कोणी लगेच सांगा प्लीज.

घाटवाट: ऑपरेशन कधी झालं? एक गुडघा की दोन्ही? वय? रक्त पातळ करायचं औषध चालू आहे का? आणि ही टेस्ट सांगितली कोणी?

तिखटमीठ: माझ्या सासऱ्यांचा यापेक्षा जास्त होता, सीटी केला, काही निघालं नाही. लॅब बदलून परत करा.

रानजाई: लॅब बदलून काय होणार? एफईयू आणि डीडीयू अशी दोन युनिटं असतात, पहिल्यातला आकडा साधारण दुप्पट दिसतो, ते आधी बघा. आणि पन्नाशीनंतर वय गुणिले १० एवढी मर्यादा धरतात.

भूलवाले_डॉक्टर: तो हिशोब ऑपरेशन झालेल्या पेशंटला उपयोगाचा नाही. हाड कापलं की जखमेत रक्त गोठणारच, ती गुठळी विरघळताना जे तुकडे सुटतात तोच डी-डायमर, त्यामुळे तो काही आठवडे वाढलेला राहतो. जास्त आला म्हणून गुठळी आहेच असं नाही. दोष भुलीचा कमी, ऑपरेशनचा आणि पडून राहण्याचा जास्त.

घाटवाट: पण कमरेतून भूल दिली की धोका कमी होतो ना? २००० साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात १४१ चाचण्यांचा आढावा आला होता, पायातल्या गुठळ्या ४४ टक्के कमी.

भूलवाले_डॉक्टर: हो, पायातला रक्तप्रवाह वाढतो. पण त्यातल्या बऱ्याच चाचण्या जुन्या, आता गुठळी टाळायचं औषध सगळ्यांना देतात म्हणून फरक तेवढा राहिलेला नाही.

साधीमाणसं: गुडघे बदलायची घाई करूच नये. लसणाचा काढा सुरू करा, रक्त आपोआप पातळ होतं.

रानजाई: काहीही सांगू नका हो, औषध चालू असेल तर वरून काढा म्हणजे रक्तस्राव वाढायची भीती.

निळीशाई: आई ६८ वर्षांची, दोन्ही गुडघे एकदम, मागच्या आठवड्यात. भूल कमरेतूनच. आधी पोटात इंजेक्शन देत होते, घरी येताना रिव्हारॉक्साबान १० ही रक्त पातळ करायची गोळी लिहून दिली. ताप आला म्हणून टेस्ट केल्या. डावी पोटरी जरा सुजलीये पण सूज असतेच म्हणाले.

भूलवाले_डॉक्टर: अहो, पोटरी महत्त्वाची आहे, आकडा बाजूला ठेवा! दोन्ही गुडघे केलेत तर दोन्ही पाय सुजतील, एकच जास्त का? गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंमी खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजा. ३ सेंमीहून जास्त फरक असेल तर आजच डॉप्लर, म्हणजे पायातल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी. मालिश अजिबात करू नका, गोळी स्वतःच्या मनाने बंद किंवा दुप्पट करू नका. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत दुखलं, थुंकीतून रक्त आलं तर कोणाला विचारत बसू नका, सरळ इमर्जन्सी.

तिखटमीठ: फिजिओवाला रोज येतोय का? सासऱ्यांना दर तासाला पावलं वरखाली करायला लावायचे.

निळीशाई: मोजलं. डावी ४ ने जास्त. धाप नाहीये. सर्जनना फोन लावला, आत्ताच डॉप्लरला बोलावलंय, निघतोय.

साधीमाणसं: मेडिक्लेममध्ये डॉप्लर धरतात का कोणाला माहीत आहे? आमच्याकडे बिल भरल्यावर नकार आला होता.