मदत हवी आहे : मनगटातला जुना सिलिकॉनचा सांधा तुटलाय

आईला आमवात आहे, वय ७१. १९९६ साली उजव्या मनगटात सिलिकॉनचा सांधा बसवला होता. स्वॅन्सनचा, म्हणजे दोन्हीकडे दांडी आणि मधे लवचिक बिजागरी. बरीच वर्षं तक्रार नव्हती. दिवाळीपासून मनगट सुजतंय, साधं पातेलं उतरवलं तरी कोपरापर्यंत कळ जाते. आमवाताचे रिपोर्ट आटोक्यात, म्हणून आधी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. शेवटी एक्स-रे काढला, तर पंजाकडची दांडी तुटलेली आणि शेजारच्या हाडांत काळे गोल खड्डे.

सर्जन म्हणाले, सिलिकॉन झिजून बारीक कण सुटतात, त्याने सांध्याचं अस्तर सुजतं आणि हाड पोखरलं जातं. सिलिकॉन सायनोव्हायटिस. हाडाच्या कडा घासू नयेत म्हणून पुढे टायटॅनियमच्या कड्याही घालायचे म्हणे. आता मनगटात सिलिकॉन सहसा बसवतच नाहीत.

सल्ला असा : सांधा काढायचा, खड्डे खरवडून कमरेचं हाड भरायचं, प्लेट टाकून मनगट कायमचं जाम करायचं. आईचा एकच प्रश्न, "भाकरी थापता येईल का?" (थापते सूनबाई, पण प्रश्न तिचाच!)

कुणाच्या घरी असं ऑपरेशन झालंय का? धातूचा नवा सांधा या वयात, अशा पोखरलेल्या हाडात टिकेल का? आणि तिच्या बोटांच्या मुळाशीही सिलिकॉनचेच सांधे आहेत, तेही काढावे लागतील?

प्रतिसाद :
मी हातांची फिजिओथेरपी करते. बोटांतले सांधे दुखत नसतील तर सहसा हात लावत नाहीत, तिथे सिलिकॉन आजही वापरतात. नव्या सांध्याला धरायला हाड चांगलं लागतं. सीटी करून किती उरलंय ते विचारा.

मनगट जाम झालं तरी बोटं हलतात, आणि मनगटाजवळचा, हाताच्या दोन लांब हाडांमधला सांधा ठीक असेल तर तळहात उलटासुलटाही होतो. भाकरीपेक्षा शौचानंतर धुण्याची अडचण जास्त येते, ते कुणी आधी सांगत नाही. ऑपरेशनआधी काही दिवस घट्ट स्प्लिंट (मनगट हलू न देणारा पट्टा) लावून घरकाम करायला लावा, काय जमतं ते त्यांनाच कळेल. आमवाताच्या गोळ्या मनाने बंद करू नका. आणि भूल देण्याआधी मानेचा एक्स-रे झालाय ना? आमवातात मानेचे मणके सैल असू शकतात. भूलतज्ज्ञांना आमवात किती जुना आहे ते आवर्जून सांगा.