ऑफिसच्या कामासाठी एआय शिकायचंय, बसमध्ये ऐकायला आणि घरी वाचायला काय घेऊ?

पर्चेसवाली
नमस्कार मंडळी. चाकणला ऑटो पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत पर्चेसमध्ये आहे, १९ वर्षं झाली. गेल्या महिन्यात साहेबांनी मीटिंग घेऊन सांगितलं की पुढच्या अप्रेझलला प्रत्येकाने एआय वापरून काय केलं ते दाखवायचं. कशाने, कुठल्या कामाला, काही नाही. मग दोन तासांचं ट्रेनिंग झालं, त्यात एका मुलाने चॅटजीपीटीकडून मांजरीवर कविता करून घेतली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, समोसे खाल्ले आणि संपलं. मला कोटेशनांचं कम्पॅरेटिव्ह (सगळ्या व्हेंडरचे रेट एका टेबलात शेजारी मांडून तुलना) करायचं असतं हो, मांजरीचं काय करू?

कोथरूडहून कंपनीची बस आहे, जाऊन येऊन तीन तास जातात. जाताना ऐकू शकते, येताना झोप लागते. इंग्रजी वाचते पण सावकाश. कोडिंग शून्य, एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्होटपर्यंत मजल. ऑनलाइन बघितलं तर "३० दिवसांत प्रॉम्प्ट एक्सपर्ट" टाइपची पुस्तकं ढिगाने दिसतात, त्यातलं खरं कुठलं आणि कचरा कुठला कळत नाही. एखादं पुस्तक, एखादं पॉडकास्ट, एवढंच सांगा. वीस नावांची यादी देऊ नका प्लीज, यादी बघितली की मी काहीच वाचत नाही.

भुसावळ_पॅसेंजर
ताई, पुस्तक एकच घ्यायचं तर ईथन मॉलिकचं 'को-इंटेलिजन्स'. एप्रिल २०२४ मध्ये आलं, जाड नाही, भाषा सोपी, ऑडिओबुकही आहे त्यामुळे बसमध्ये चालेल. हा माणूस व्हॉर्टनला (अमेरिकेतलं बिझनेस स्कूल) मॅनेजमेंट शिकवतो, इंजिनियर नाही, म्हणून मला आवडला कारण तो मशीन आतून कसं चालतं यापेक्षा टेबलावर बसलेल्या माणसाने त्याचं काय करायचं यावर बोलतो. त्याने चार नियम दिलेत, आपल्या भाषेत सांगायचं तर, प्रत्येक कामात एकदा त्याला विचारून बघा, पण शेवटची नजर तुमचीच ठेवा, त्याला माणसासारखं समजून आधी सांगा की तू कोण आहेस (म्हणजे "तू पर्चेसमधला कडक माणूस आहेस" असं), आणि चौथा म्हणजे आज जे वापरताय ते यापुढे तुम्ही वापराल त्यातलं सगळ्यात मठ्ठ आहे असं धरून चाला.

पण त्याहून कामाची गोष्ट सांगतो. २०२३ मध्ये त्याने आणि इतरांनी मिळून बीसीजी या कन्सल्टिंग कंपनीच्या ७५८ लोकांवर प्रयोग केला होता. एआय वापरणाऱ्यांची कामं सरासरी १२ टक्के जास्त झाली, वेळही जवळजवळ २५ टक्के कमी लागला, इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही. त्यात एक काम मुद्दाम असं दिलं होतं जे एआयला नीट जमणारं नव्हतं, आणि तिथे एआय वापरणाऱ्यांची उत्तरं बरोबर येण्याचं प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा १९ टक्के पॉइंटने (म्हणजे शंभर जणांमागे १९ने) कमी निघालं! म्हणजे हुशार लोक, पण मशीनने छान भाषेत लिहून दिलं की यांनी मान डोलावली. याला तो दातेरी कड म्हणतो, करवतीसारखी. एक काम झटक्यात करतं, शेजारचं तितकंच सोपं वाटणारं काम बिघडवतं, आणि कड कुठे आहे ते बाहेरून दिसत नाही. तुमच्या कामात ती कड कुठे आहे हे कुठल्याच पुस्तकात छापलेलं नसणार, ते तुम्हालाच शोधावं लागेल.

पॉडकास्ट म्हणाल तर 'मी, मायसेल्फ अँड एआय', एमआयटी स्लोन मॅनेजमेंट रिव्ह्यू या मॅनेजमेंटच्या नियतकालिकाचं. नेहमीच्या कंपन्यांमधली माणसं येऊन आम्ही इथे लावलं, असं झालं ते सांगतात. थोडी स्वतःची पाठ थोपटून घेतात, तेवढं सोडून द्यायचं. 'हार्ड फोर्क' पण सगळे सांगतील, न्यूयॉर्क टाइम्सचं, दर शुक्रवारी, मजा येते ऐकायला, पण ते बातम्यांचं आहे, त्यातून कम्पॅरेटिव्ह होणार नाही.

गप्पा_कमी
पुस्तक छापून येईपर्यंत एआयचं मॉडेल (आतलं इंजिन) दोनदा बदलतं. पैसे वाचवा. महिनाभर रोज एक खरं काम त्याच्यासमोर टाका, चुकलं की वहीत लिहा. झालं शिक्षण.

एचआरवाली_बाई
@गप्पा_कमी अर्धं पटलं, अर्धं नाही. वापरायचं कसं हे वापरूनच कळतं, मान्य. पण विकायला येणारे काय सांगतात त्यातलं किती खरं हे कळायला मला तरी पुस्तकच उपयोगी पडलं. आमच्याकडे एक सॉफ्टवेअर विकायला आले होते, उमेदवाराचा व्हिडिओ बघून म्हणे स्वभाव सांगतं. मॅनेजमेंट एकदम खूश. मी तेव्हा 'एआय स्नेक ऑइल' वाचत होते, अरविंद नारायणन आणि सायाश कपूर यांचं, प्रिन्स्टन विद्यापीठाचे दोघं, २०२४ चं पुस्तक. त्यात मुख्य मुद्दाच हा की एआय नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरून विकतात. एक लिहिणारं-चित्र काढणारं, ते चुका करतं पण खरंच काहीतरी करतं. दुसरं माणसाचं भविष्य सांगणारं, हा नोकरीत टिकेल का, तो गुन्हा करेल का, आणि यातलं बरंचसं काम करतच नाही, पुढेही करेल असं दिसत नाही. जर्मनीतल्या पत्रकारांनी २०२१ मध्ये असंच एक व्हिडिओ इंटरव्ह्यूचं सॉफ्टवेअर तपासलं होतं, तीच व्यक्ती, तीच उत्तरं, फक्त चष्मा लावला किंवा मागे पुस्तकांचं कपाट दिसलं की स्वभावाचे मार्क बदलायचे. कपाट! मी हे मीटिंगमध्ये सांगितल्यावर पाच सेकंद कोणी बोललं नाही. पुढे ते घेतलं नाही, माझ्यामुळे की बजेटमुळे ते देव जाणे.

तर ताई, वापरायला मॉलिक, आणि कोणी विकायला आलं की 'स्नेक ऑइल'. पर्चेसमध्ये आहात म्हणजे आज ना उद्या एआयचं लायसन्ससुद्धा तुमच्याकडूनच घेतलं जाणार, बघा.

मराठीत हवं असेल तर अच्युत गोडबोल्यांचं 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' आहे, इतिहास आणि मुळातल्या कल्पना समजायला बरं. ऑफिसात काय करायचं त्यासाठी मात्र नाही.

खतावणी
सांगलीहून सीए. पुस्तकाचं वरती आलंय, मी काळजीचं सांगतो. कोटेशन जसंच्या तसं फुकटच्या अकाउंटमध्ये टाकू नका. व्हेंडरचे रेट म्हणजे त्याची पोटापाण्याची गोष्ट, आणि तुमच्या कंपनीचा त्याच्याशी गोपनीयतेचा करारही असेल. २०२३ मध्ये सॅमसंगच्या लोकांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं बाहेर आलं आणि कंपनीने वापरच बंद केला. आपल्याकडे अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये ऑफिसच्या मशीनवर ही टूल्स वापरू नका असं पत्रक काढलं होतं. तेव्हा आधी आयटीला विचारा कुठलं टूल चालेल, आणि ते विचारलेलं मेलवर ठेवा, तोंडी नको. उत्तर येईपर्यंत नावं बदलून, आकडे थोडे हलवून सराव करा.

बाकी 'प्रेडिक्शन मशीन्स' वाचलंय का कोणी? टोरांटोच्या तीन अर्थशास्त्र्यांचं, २०१८ चं, म्हणजे चॅटजीपीटीच्या आधीचं, तरी मला जुनं वाटलं नाही. अंदाज स्वस्त झाला की निर्णय घेणाऱ्याची किंमत वाढते, एवढा एकच मुद्दा, पण तो धरून ठेवलाय. अर्थात तो एक मुद्दा अख्खं पुस्तकभर ताणलाय हेही खरं.

पर्चेसवाली
सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी येतेय. मॉलिकचं ऑडिओबुक घेतलं, निम्मं झालं (नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकची कृपा). आयटीला मेल टाकला, कंपनीच्या अकाउंटवर एक टूल चालतं म्हणाले, सहा महिन्यांपासून आहे, आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग तीन व्हेंडरची जुनी कोटेशनं टाकली, पीओ (पर्चेस ऑर्डर) निघून वर्ष झालेली, म्हणजे बरोबर उत्तर मला माहीत होतं. टेबल अर्ध्या मिनिटात, एकदम देखणं. मला एरवी दीड तास लागतो. आणि खाली लिहिलं की दुसरा व्हेंडर नगामागे ३ रुपयांनी स्वस्त, यालाच ऑर्डर द्या. आता दुसऱ्याचा रेट एक्स-वर्क्स कोइंबतूर (तिथून आणायचं भाडं आमचं), पहिल्याचा एफओआर चाकण (पोच भाडं रेटमध्येच)! गाडीभाडं धरलं तर दुसरा महाग पडतो, म्हणूनच तर आम्ही गेल्या वर्षी घेतला नव्हता. कोटेशनमध्ये कोपऱ्यात लिहिलेलं होतं, त्याने वाचलंही होतं, टेबलात वेगळ्या रकान्यात टाकलं होतं, पण बेरजेत धरलं नाही. आणि तिसऱ्याने डिलिव्हरी लिहिलीच नव्हती, तर याने आपल्या मनाने "४ आठवडे" लिहून ठेवलं. ते टेबल साहेबांकडे गेलं असतं तर माझी काही खैर नव्हती.

तेव्हा १९ टक्क्यांचं आठवलं, आणि गप्पा_कमी यांची वहीसुद्धा. वही केली आहे, आत्तापर्यंत ११ चुका. त्यातल्या सात एकाच जातीच्या, म्हणजे जे कागदावर नसतं पण आम्हाला तोंडपाठ असतं ते याला ठाऊक नाही. आता आधीच सांगते की सगळे रेट चाकण पोच धरून काढ, माहिती नसेल तिथे रिकामं सोड, अंदाज करू नकोस. बरंच सुधारलं. पण एक प्रश्न, नसलेली गोष्ट तो एवढ्या ठामपणे लिहितो कशी?

भुसावळ_पॅसेंजर
कारण तो शोधत नाही, पुढचा शब्द काय शोभेल ते जुळवतो. हजारो कोटेशनांत डिलिव्हरीच्या पुढे "आठवडे" येतं, म्हणून याच्यातही आलं. हे नीट समजायचं असेल तर आंद्रेई कारपाथीचा 'डीप डाइव्ह' नावाचा व्हिडिओ बघा, यूट्यूबवर फुकट, फेब्रुवारी २०२५ चा. हा कारपाथी म्हणजे चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या संस्थापकांपैकी एक. साडेतीन तासांचा आहे, घाबरू नका, कोड नाही त्यात, पण बसमध्ये नुसता ऐकून उपयोग नाही, स्क्रीन बघावी लागते. रविवारी तुकड्यांत बघा.

पर्चेसवाली
साडेतीन तास! रविवारी घरात कोण बसू देणार मला. बघते.

गप्पा_कमी
वहीतल्या त्या सात चुका टाका की इथे. मी स्टोअर्सला आहे, आमच्याकडेही तसंच होतंय.

पर्चेसवाली
व्हेंडरची नावं काढून टाकते संध्याकाळी. टूलिंग कॉस्टवालं (साचे-डायच्या खर्चाचं) एक आहे, ते आधी वाचा, तिथे माझी स्वतःची चूक पण सापडली.