सांगलीतून विनोदी रॅप रिलीज करायचाय, बीटचं काय?

हळद_सौदा: हळदीच्या सौद्यावर रॅप लिहिलाय. बीट, म्हणजे रॅपमागचं तयार संगीत, यूट्यूबवरचा, ‘फ्री’ म्हणून टाकलेला. स्पॉटिफायवर टाकू का?

मिरजवाला: थांब भावा. तसलं ‘फ्री’ बहुतेकदा कमाई न करण्याच्या अटीवरच असतं. लीज, म्हणजे बीट वापरायचा परवाना, विकत घे, करार जपून ठेव. नॉन-एक्सक्लुझिव्ह लीजवर (तोच बीट इतरांनाही विकलेला असतो) कंटेंट आयडी, म्हणजे यूट्यूबची गाणं आपोआप ओळखून हक्क सांगणारी यंत्रणा, चालू करू नको; तोच बीट घेतलेल्या दुसऱ्यांच्या व्हिडिओवर क्लेम पडतात नि भांडणं तुझ्या गळ्यात.

कृष्णाकाठ: तारीख महिनाभर पुढची धर, स्पॉटिफायला पिच, म्हणजे त्यांच्या प्लेलिस्टसाठी गाणं सुचवणं, किमान 7 दिवस आधी लागतं. शब्द तुझेच, तर आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व घेच.

तासगावकर: पंचनंतर, म्हणजे हसवणाऱ्या ओळीनंतर, दोन ठोके मोकळे सोड, 90 बीपीएमला (मिनिटाला 90 ठोके) साधारण 1.3 सेकंद. नाहीतर हशात पुढची ओळ बुडते.